तिजोरी निघाली तो बाजाराचा दिवस

खाजगी बँकेची शाखा कशाने चालते आणि कशाने बसते, हे समजून घेण्यासाठी आमच्या हेड ऑफिसने एकदा छापील फॉर्म पाठवला होता. पाऊसमान, कापसाचा भाव, गावातल्या सावकारांची संख्या, पोस्टाच्या बचत खात्याशी स्पर्धा, कर्मचाऱ्यांचं सौजन्य असे पुष्कळ रकाने होते. आमच्या एजंटसाहेबांनी दोन दिवस बसून सुवाच्य अक्षरात तो भरला. मी कॅशियरच्या खिडकीतून बघत होतो. तिजोरी गावातून कोणत्या वारी आणि कोणत्या रस्त्याने न्यावी, याचा रकाना त्यात नव्हता. असता तर पुढचा सगळा प्रकार टळला असता आणि मला हा लेखही लिहावा लागला नसता.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. डोणगावला आमच्या बँकेची शाखा होती. शाखा म्हणजे भाड्याचं एक दुकान, पुढे ओसरी, आत लाकडी कठडा, कठड्याला जाळीची खिडकी आणि खिडकीमागे मी. आम्ही तीनच माणसं. एजंट आगाशे साहेब, मी, आणि शिपाई दशरथ. शाखेच्या मुख्य माणसाला तेव्हा एजंट म्हणत. आगाशे साहेब पुण्याचे. मी सुलतानपूरचा, भाजीपाला करणाऱ्या घरातला. मॅट्रिक झालो, आकडे सुबक काढत होतो, म्हणून बँकेत चिकटलो.

आगाशे साहेबांना दोन गोष्टींचा त्रास होता. एक आमची भाषा, दुसरी आमची वेळ. दारावर 'भरणा व अदायगी दहा ते दोन' अशी पाटी होती आणि साहेबांच्या मते ती माणसांसाठी होती. आमच्याकडची माणसं तिच्याकडे देवाच्या तसबिरीसारखं बघायची. नमस्कार करायचा आणि आपल्या सवडीने यायचं. दोन वाजून एक मिनिटाला कोणी आलं की साहेब उभे राहून म्हणायचे, "क्षमस्व. वेळ संपली." समोरचा मला विचारायचा, "काय म्हणून राह्यले सायेब?" मी सांगायचो, "उद्या या." एवढं भाषांतर मी सहा वर्षं केलं.

खातेदार मिळवणं सोपं नव्हतं. गावाला लागून वाडी असलेल्या द्वारकाबाई माळीण, भाजी विकून घर चालवणाऱ्या. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दहाची एक नोट भरली आणि दुसऱ्या दिवशी ती परत मागायला आल्या. मी दिली. त्यांनी उलटीपालटी करून बघितली.

"हे माही नोट नाही."

"बाई, दहाचीच आहे."

"माह्या नोटेले हळद लागेल होती."

त्यांना वाटायचं, प्रत्येकाचे पैसे वेगळ्या चिंधीत बांधून आत ठेवलेले असतात. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पुन्हा दहा रुपये भरले आणि तेव्हापासून दर बाजाराला येऊन विचारू लागल्या, "हायेत ना?" मी पासबुक दाखवायचो. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझ्याकडे बघून त्या समाधानाने जायच्या.

खरं तर त्यांचा प्रश्न फार नेमका होता. बाहेरच्या माणसाला सांगायला हवं म्हणून सांगतो. तुम्ही बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत बसून राहत नाही. त्यातला थोडा रोजच्या देण्याघेण्यासाठी हाताशी ठेवायचा, बाकीचा कर्जाऊ द्यायचा. आमच्याकडे व्यापाऱ्याची सरकी, भुईमूग गोदामात तारण असायचा. माल त्याचा, कुलूप बँकेचं. त्याने कर्ज फेडलं की आम्ही किल्ली घेऊन जायचो आणि तेवढी पोती सोडायचो. त्या व्याजात बँकेचं पोट चालायचं. म्हणजे सगळे खातेदार एकाच दिवशी पैसे मागायला आले, तर जगातली कुठलीच बँक ते देऊ शकत नाही. हे गुपित नाही. पण बाजाराच्या दिवशी ओरडून सांगावं असंही नाही. त्यातून आमची बँक लहान आणि खाजगी. अशा बँका तेव्हा अधूनमधून बुडायच्याही, आणि त्या बातम्या पेपर न वाचणाऱ्यांपर्यंत आधी पोचायच्या.

माझ्या वडिलांना बँकेत खातं काढायला लावण्यात माझं एक वर्ष गेलं. विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं म्हणून त्यांनी वांगी-मिरच्या विकून पैसे साठवले होते. "घरचाच मानूस खिडकीत हाये, तर ठेवतो," म्हणाले. सहाशे चाळीस रुपये भरले. पावती घेताना माझ्याकडे असं बघितलं, जसं सोयरीक ठरवून चालले आहेत.

आता तिजोरीचं. ठेवी वाढल्या, जुनी तिजोरी पुरेना. आम्ही मोठी मागितली. ती रेल्वेने शेगावला आली आणि तिथून एका सकाळी ट्रकने डोणगावला. चांगला घट्ट लाकडी खोका, आत पेंढा. बघणाऱ्यांना वाटलं, साहेबांच्या घरी कपाट आलं. आम्ही दार लावून खोका फोडला, किल्ल्या लावून बघितल्या, सगळी रोकड नव्या तिजोरीत ठेवली. जुनी तिजोरी दुसऱ्या तालुक्यात उघडणाऱ्या शाखेला पाठवायची होती. ट्रक दारातच उभा. परत जाताना तोच नेईल, एका भाड्यात दोन कामं होतील, असा साहेबांनी हिशेब केला.

मी म्हटलं, "साहेब, आज बाजार आहे."

"मग?"

"तिजोरी बाजारातून जाईल."

"रिकामी आहे ती, मनोहर."

"रिकामी आहे हे आपल्याला माहीत."

साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "ट्रकचं भाडं तासावर आहे," म्हणाले.

आठ हमालांनी मिळून ती हिरवी तिजोरी ट्रकवर चढवली. तिच्या दारावर आमच्या बँकेचं नाव पिवळ्या अक्षरात होतं. वर काहीतरी झाका म्हणावं एवढं डोकं मलाही चाललं नाही, ही माझी चूक. ट्रक बाजारात शिरला आणि मिरचीवाल्यांच्या पालांपाशी अडकला. पुढे बैलगाड्या, मागे बैलगाड्या. पाऊण तास बँकेची तिजोरी भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी. कोणीतरी ड्रायव्हरला विचारलं, "काय नेऊन राह्यले?"

"बँकीची तिजोरी."

"कुठीसा?"

"लय दूर," ड्रायव्हर म्हणाला. बिचाऱ्याला गावाचं नाव आठवत नव्हतं.

अकराच्या सुमाराला दशरथ चहा आणायला गेला आणि चहा न घेताच धावत आला. "साहेब, बँक पळाली म्हंतात!"

"कोणती बँक?" साहेबांनी विचारलं.

"आपली."

साहेबांनी भिंतीकडे, कठड्याकडे, माझ्याकडे बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. तोवर ओसरीवर पायांचे आवाज सुरू झाले. पाच, दहा, मग मोजता येईनात. सगळ्यांच्या हातात पासबुकं. सर्वांत पुढे द्वारकाबाई, भाजीचं दुकान शेजारणीवर टाकून आलेल्या. आज त्यांनी "हायेत ना?" असं विचारलं नाही. म्हणाल्या, "काहाडा."

साहेब ओसरीवर गेले आणि हात वर करून बोलले, "नागरिकहो! अफवांवर विश्वास ठेवू नका. बँक भक्कम आहे. नवी तिजोरी आत आली आहे." त्यांचा हेतू चांगला होता. पण रस्त्याने जाणारे, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, तेही थांबले आणि काय झालं विचारू लागले. साहेबांनी द्वारकाबाईंना कठड्याच्या आत बोलावून नवी तिजोरी लांबून दाखवली. नियमाविरुद्ध होतं, पण दाखवली. बाईंनी बघितली.

"पेटी दिसते सायेब. पोटातलं काय दिसते?"

 खरं म्हणजे पोटात साडेआठ हजार होते आणि ओसरीवर उभ्या असलेल्यांचे त्याच्या कितीतरी पट.

साहेब आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "दार लावून घ्यावं का? अकोल्याच्या मोठ्या शाखेला तार करतो. उद्यापर्यंत रोकड येईल."

"आज दार लागलं तर उद्या ते उघडून उपयोग नाही," मी म्हणालो.

आमच्या धंद्यात अशा वेळची एक जुनी युक्ती आहे. हळूहळू द्यायचं. सही जुळत नाही म्हणायचं, नोटा दोनदा मोजायच्या, सुटे पैसे काढत बसायचं. दोन वाजेपर्यंत दहा माणसं निघाली की झालं. मी ती साहेबांना सुचवली. ते एकदम ताठ झाले.

"खातेदाराला ताटकळत ठेवणं नियमात बसत नाही."

आणि हा माणूस, ज्याच्या नियमांवर मी सहा वर्षं मनातल्या मनात हसलो, बाह्या सरसावून माझ्या शेजारी स्टुलावर बसला आणि नोटा मोजू लागला. दशरथने अकोल्याला तार केली. मी पासबुकं घेत होतो, साहेब पैसे देत होते. आम्ही इतक्या झटपट दिले, की लोकच गोंधळले. भांडायच्या तयारीने आलेले. भांडण कुठे सुरू करावं ते कळेना. पैसे घेऊन ते ओसरीवर जायचे आणि तिथेच बसायचे.

मधेच झुंबरशेठ आले. सरकीचे मोठे आडते. आमच्याकडे त्यांची ठेव नव्हती, कर्ज होतं. दोन गोदामं आमच्या कुलपात. रांग मोडून ते कठड्याशी आले. चेहरा सणाच्या दिवशी असतो तसा.

"साहेब, ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलंत?"

"बँक बुडून राह्यली म्हंतात. मी म्हटलं, इचारून घ्या. बँक बुडली तर माह्यं कर्जबी बुडंल ना?"

सकाळपासून पहिल्यांदाच साहेब हसले. "शेठजी, बँक बुडाली तर ठेवीदारांचे हाल होतात. कर्जदारांचे नाही. त्यांच्याकडे सरकारी माणूस येतो. तो आमच्यासारखा चहा पीत बसत नाही. आणि तो येईपर्यंत तुमच्या गोदामाला आमचं कुलूप तसंच राहतं. सरकीचा भाव सध्या काय आहे?"

शेठजींचा सण संपला. "उतरून राह्यला," ते म्हणाले आणि निघून गेले.

दीड वाजला. ड्रॉवरमध्ये नऊशे रुपये उरले होते. मी मान वर केली तर जाळीपलीकडे ओळखीचं पागोटं. माझे वडील. वांग्याच्या दोन टोपल्या एसटीच्या टपावर टाकून ते बाजाराला आले होते. तासभर रांगेत उभे होते. मला आवाज दिला नाही की पुढे घुसले नाहीत.

"बाबा?"

त्यांनी पासबुक सरकवलं. "सारे."

मागे पन्नास माणसं.  कॅशियरचा बाप काय करतो हे त्यांना बघायचं होतं. बाबा जाळीला तोंड लावून हळूच म्हणाले, "खरं सांग. बुडली का बे?"

"नाही, बाबा."

"मंग तुह्या तोंडाचं पानी काऊन पळालं?"

मी काय बोलणार? पैसे आहेत म्हणावं तर नऊशेच होते. नाहीत म्हणावं तर मीच बँक बुडवली असती. पैसे काढू नका असं सांगायचा मला अधिकार नव्हता. आणि मुलगा म्हणून तसं सांगावं, एवढी खात्रीही नव्हती. मी सहाशे चाळीस मोजले आणि जाळीखालून सरकवले. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून तीनदा मोजले. धोतराच्या सोग्यात बांधले. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. शब्द देऊन मी त्यांना इथे आणलं होतं, आणि सगळ्या गावादेखत त्यांनी तो माझ्या हातावर परत ठेवला होता.

"कॅशरच्या बापानंच काहाडले!" मागून कोणीतरी ओरडलं.

ओसरीवरून द्वारकाबाईंचा आवाज आला, "काहाडले म्हंजे भेटले ना रे बाप्पा!"

लोक हसले. पण पुढच्या माणसाची पैसे काढायची चिठ्ठी चारशेची होती आणि ड्रॉवरमध्ये दोनशे साठ. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी खिशातून स्वतःचं पाकीट काढलेलं मी बघितलं, आणि तेवढ्यात झुंबरशेठ परत आले. या वेळी मागे मुनीम आणि मुनीमाच्या हातात पिशवी.

"साहेब, तीन हजार जमा करा अन् त्याच्या हिशोबानं सरकीची पोती सोडा. आजच. आत्ता."

ते तीन हजार साहेबांनी उभं राहून, सगळ्यांना दिसतील असे, एकेक नोट करून मोजले. हळू मोजण्याचा मोह त्यांनी दिवसभरात तेवढ्यापुरताच केला. झुंबरशेठसारखा चिकट माणूस बँकेत पैसे भरतो आहे म्हटल्यावर रांग सैल पडली. चारशेवाल्याला चारशे मिळाले. त्याच्या मागचे दोघे चिठ्ठ्या खिशात घालून निघून गेले. मग आणखी चार. दोनचे टोले पडले आणि साहेबांनी खिडकी बंद करायला सांगितलं. मी बंद केली.

पण ओसरी रिकामी होईना. चाळीसेक माणसं तिथेच बसलेली. कोणाच्या पदराच्या गाठीत, कोणाच्या कमरेला पैसे, आणि त्या जागेवर प्रत्येकाचा हात. बाजाराचा दिवस, खिसेकापूंचाही दिवस. पुढे गावापर्यंत तीन-चार कोस वाट. सकाळी पैसे बँकेत होते म्हणून भीती, आता ते जवळ आहेत म्हणून भीती.

द्वारकाबाई उठून दारात आल्या. "सायेब, हे ठेवून घ्या वापस."

साहेब दाराची कडी लावत होते. "बाई, दोन वाजले. भरणा दोनपर्यंत."

"काहाडाले वेळ होता, ठेवाले नाही?"

ओसरीवरचे सगळे उठून उभे राहिले. साहेबांनी पाटीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. मग आत गेले, खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बोटाने मागे फिरवत फिरवत पाऊणवर आणला. खाली उतरून खुर्ची जागेवर ठेवली.

"मनोहर, खिडकी उघड. अजून सव्वा तास आहे."

आम्ही पाचपर्यंत भरणा घेतला; मधे काटा आणखी दोनदा मागे गेला. द्वारकाबाईंचे पैसे पहिले. त्यांच्या एका नोटेला खरंच हळद लागलेली होती आणि या वेळी त्यांनी ती मला मुद्दाम दाखवून ठेवली.

पुढचं थोडक्यात. अकोल्याची रोकड दुसऱ्या दिवशी आली आणि तशीच परत गेली. महिनाअखेर ठेवी होत्या त्याहून वाढल्या. पण हेड ऑफिसच्या तपासनीसाला सव्वा तासात एवढे भरणे कसे झाले, हे पटेना. त्याने मला विचारलं, "त्या वेळी किती वाजले होते?" मी म्हणालो, "घड्याळात पाऊण." हे खरंच होतं. त्याहून जास्त खरं सांगून साहेबांची बाजू मांडायला हवी होती. तेव्हा जीभ उचलली नाही, ही रुखरुख आजही आहे. साहेबांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बढती दोन वर्षं लांबली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. ताकीद मात्र नीट घडी करून फाइलला लावली, पान क्रमांक टाकून.

त्या संध्याकाळी भरणा संपल्यावर मी एसटीच्या थांब्यावर गेलो. बाबा रिकाम्या टोपल्या घेऊन उभे होते. रांगेतल्या बहुतेकांनी पैसे परत ठेवले, त्यांनी ठेवले नव्हते. माझा राग अजून उतरला नव्हता.

"साऱ्या गावानं वापस ठेवले. तुमीच नाही ठेवले."

त्यांनी सोग्याची गाठ चाचपून बघितली.

"मले बँकीचं काय समजते? म्या तुह्यं तोंड पाह्यलं खिडकीतून. वाटलं, हे पोरगं उद्या घरी बसते. नौकरी गेली म्हंजे तुले दुसरी भेटेपर्यंत घरात दोन पैसे पाह्यजेत का नाही? इंजिन काय, पुढच्या साली घेतलं असतं."

मी टोपल्या उचलल्या आणि टपावर चढवल्या.  गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"उद्या उघडते ना बँक?"

"हाव, उघडते."

"मंग पुढच्या बाजाराले आणतो वापस," ते ओरडले. "पन खिडकीत बसतानी तोंड जरा बरं ठेवत जाय!"